कागद उभाच असतो

ज्या प्रिंटरशी माझं अकरा दिवस भांडण चाललं होतं तो स्वभावाने गरीब होता, हे आधीच सांगून टाकते. मुलाने तो दोन वर्षांपूर्वी आणून दिला, तेव्हापासून कपाटावर विणलेला रुमाल पांघरून तो स्वस्थ बसला होता. त्याच्याकडे कोणी काही मागितलं नाही आणि त्यानेही कोणाला काही दिलं नाही. अशी माणसं आमच्या ऑफिसात पुष्कळ होती आणि ती सगळी सन्मानाने निवृत्त झाली.

त्याच्यावर काम पडलं ते ह्यांची वाचा गेली म्हणून.

आमचे हे म्हणजे नकाशा खात्यातले आरेखक, जन्मभर नकाशे काढलेले. मी त्याच खात्यात टंकलेखिका. त्यांचं टेबल खिडकीशी, दारापेक्षा रुंद. माझं कोपऱ्यात, मशीनपुरतं. बोलण्याची ह्यांना फारशी हौस नव्हती. पण बोलले की समोरच्याला ते तिसऱ्या दिवशी झोंबायचं. एका सकाळी दाढी करता करता हातातला ब्रश पडला आणि ब्रशाबरोबर शब्दही पडले. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात जड झाला होता, पाय अडखळत होता आणि तोंड गप्प होतं. ऐकू सगळं यायचं, कळायचंही सगळं. सांगता मात्र काही यायचं नाही. पेन्सिल दिली तर हाताला अक्षर सापडायचं नाही, नुसता गुंता उमटायचा. तो गुंता बघून त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी पेन्सिल उचलून शिवणाच्या डब्यात लपवून ठेवली. ही माझी पहिली चूक. पण चुका मोजायला बसले तर गोष्ट पुढे जाणार नाही.

बोलायला शिकवणाऱ्या थेरपीवाल्या बाई यायच्या. बाई कसल्या, माझ्या नातीच्या वयाची मुलगी. ती म्हणाली, "आजी, एक तक्ता करा. मोठ्या चौकटी, मोठी अक्षरं. आजोबा बोट ठेवून सांगतील. आणि लवकर करा हं. आपलं कोणाला कळतच नाही असं ह्या दिवसांत माणसाला वाटलं ना, की तो सांगायचं सोडून देतो. मग परत वळवणं फार अवघड जातं. मी पुढच्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी येते, तोवर तयार ठेवा."

सांगायचं सोडून देण्याचं ते वाक्य तिने बूट घालता घालता म्हटलं. माझ्या मात्र ते छातीत बसलं.

नात दुसऱ्या गावी असते आणि वेबपानं बनवते. हे पोटापाण्याचं काम आहे हे मला मान्य करायला एक वर्ष लागलं. तिने एका दुपारी तक्ता बनवला. पाच रकाने. पहिल्यात खाणंपिणं, दुसऱ्यात शरीर, तिसऱ्यात वस्तू, चौथ्यात माणसं.

"आणि पाचव्यात मन," ती फोनवर म्हणाली. "राग आलाय, कंटाळा आला, हसू येतंय, पुरे, जवळ बस. शेवटची चौकट रिकामी ठेवलीय, आजोबांना जे हवं असेल ते घालायला. आजी, आता सांग, पान कसं हवं? साइज? उभं की आडवं?"

"अगं, कागद उभाच असतो," मी म्हटलं. "आडवा असतो तो नकाशा. चाळीस वर्षं टायपिंग केलंय मी. साइज आपली नेहमीची, ए-फोर."

"नक्की ना? मी पानातच लिहून ठेवते मग. म्हणजे तुला छापताना काही निवडायला नको."

"लिहून ठेव," मी म्हटलं. "चांगलं ठळक लिही."

हे पलंगावर बसून ऐकत होते. स्टुलावर चष्म्याचा डबा उभा होता, तो त्यांनी डाव्या हाताने आडवा केला. मी जाता जाता परत उभा करून ठेवला.

मी प्रिंटरचा रुमाल काढला, ट्रेमध्ये कागद घातले, नातीने पाठवलेलं पान टॅबवर उघडलं, बटण दाबलं. प्रिंटर दोन वर्षांची झोप झटकत उठला, घसा खाकरला आणि त्याने मोठ्या, सुंदर अक्षरांत चार रकाने बाहेर ठेवले. पाचवा रकाना नव्हता. म्हणजे पडद्यावर होता. पण कागद संपला होता आणि तक्ता संपला नव्हता. पडद्यावरच दाखवावा तर ह्यांचं बोट टेकलं की तक्ता पळून जायचा आणि भलतंच काहीतरी उघडायचं. कागदच हवा होता.

नातीला फोन करायला हवा होता, हे मलाही कळत होतं. पण चाळीस वर्षं सरकारचा कारभार ज्या बोटांनी छापला, त्या बोटांना एक पान छापता येईना हे सांगायचं कसं? शिवाय तिने संध्याकाळी विचारलं तेव्हा "फार छान आला" असं मी सांगूनही टाकलं होतं.

वरच्या मजल्यावरचे बँकवाले निवृत्त झाले असले तरी काउंटरमागून उठलेले नाहीत. ते आले, माझ्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "वहिनी, घाई करायची नाही. यादी वरून खाली वाचायची." मग छापण्याआधी पडद्यावर येणारी ती यादी त्यांनी खरोखरच वाचली. "प्रती, एक. बरोबर. पानं, सर्व. बरोबर. रंग. ठीक आहे. स्केल. इथे आहे गोम."

उभं की आडवं हा प्रश्न त्या यादीत नव्हताच. आणि जे यादीत नाही ते जगात नाही, अशा शिस्तीत बँकवाल्यांचं आयुष्य गेलेलं.

त्यांनी स्केल शंभरावरून पंचावन्नावर आणलं. पाचही रकाने आले. अक्षरं मात्र अशी, की मुंग्यांची रांग बरी.

"बघा, आलं की नाही सगळं?" ते म्हणाले.

"आलं. पण ह्यांना दिसत नाहीये."

"ते वेगळं खातं झालं, वहिनी."

ह्यांनी तेवढ्यात चार रकान्यांचा मोठा कागद उचलला आणि माझ्या नाकासमोर आडवा धरला. मी म्हटलं, "अहो, असं नाही, असं," आणि सरळ करून हातात दिला. त्यांनी पुन्हा आडवा धरला. बँकवाले माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माझ्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं. दिशेचं भान जातं."

त्या दिवसापासून मी डॉक्टरांना दाखवायला वही ठेवली. मंगळवार: ताट फिरवलं. बुधवार: भिंतीवरची आमची तसबीर काढून आडवी टेकवली. गुरुवार: वर्तमानपत्र आडवं धरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ही वही मी अजून जपून ठेवली आहे. इतकी अचूक नोंद आणि इतका चुकीचा अर्थ असा दस्तऐवज आमच्या खात्यातही क्वचितच तयार झाला असेल.

समोरच्या मास्तरीणबाईंनी दुसरा कागद चिकटवायला सांगितलं. पण पाचवा रकाना कुठेच छापून येत नव्हता, तर चिकटवू काय? मग मी पट्टी घेऊन तो हाताने काढला. टंकलेखिकेच्या हस्ताक्षराबद्दल मी जास्त बोलत नाही. रेघाही जरा नाचल्या होत्या. ह्यांनी तो कागद पाहिला, डोळे मिटले आणि बोटाच्या टोकाने बाजूला सारला. रेघ वाकडी दिसली की ह्यांना पाणीसुद्धा मागवत नाही.

"अहो, पण पाचवा रकाना हवाच कशाला?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आजारी माणसाला काय लागतं? चहा, पाणी, औषध, बाथरूम. मनाचं काय ते बरं झाल्यावर बघा."

त्यांचं म्हणणं हिशेबी होतं आणि त्या फार चांगल्या आहेत. ह्यांच्या आजारपणात चार वेळा पोळ्या देऊन गेल्या. पण मला ते लागलं. चार रकान्यांवर आमचा संसार तसा चालला होता. हे "चहा"वर बोट ठेवायचे, मी चहा आणायचे. "चष्मा"वर ठेवायचे, मी चष्मा द्यायचे. हे सगळं तर हॉटेलातल्या माणसाशीही बोलता येतं. आणि मधूनच त्यांचं बोट चौथ्या रकान्यात यायचं, "तू" ह्या चौकटीवर थांबायचं आणि तिथून उजवीकडे सरकत सरकत कागदाच्या कडेवरून खाली चादरीवर उतरायचं. तिथे काही नव्हतं. मी विचारायचे, "मी काय? मी काय, सांगा ना." बोट चादरीवर तसंच असायचं.

म्हणून मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि दुप्पट मोठा कागद मागितला. दुकानदाराने माझं वेबपान उघडलं आणि छापलं. मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात तेच उभं पान, तेच चार रकाने, आणि बाकी मैदान.

"काकू, कागद मोठा आहे, पण तुमचं पान हट्टी आहे," तो म्हणाला. "मोठं व्हायलाच तयार नाही. कोणीतरी त्याला आधीच सांगून ठेवलंय."

"कोण सांगणार?"

"ज्यांनी बनवलं त्यांनी."

"माझी नात असं काही करणार नाही," मी म्हटलं आणि मैदान गुंडाळून घरी आणलं.

बँकवाल्यांनी मग नागरिक मदत कक्षाचं नाव काढलं. तिथे भिंतीएवढा प्रिंटर आहे म्हणे. प्रिंटर होता, पण त्याच्या आधी खिडकी होती, खिडकीत कारकून होते आणि कारकुनांकडे फॉर्म होता. सरकारी फॉर्म बघून मला माहेरी आल्यासारखं वाटलं. "छपाईचा हेतू" ह्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं: नवऱ्याशी बोलणे.

कारकुनांनी ते दोनदा वाचलं. मग मागच्या खुर्चीवरच्या बाईंना वाचून दाखवलं. मग भिंतीवरची यादी वाचली.

"बाई, ह्या कामाला कोड नाही."

"मग 'इतर' लिहा."

"इतरला साहेबांची सही लागते."

साहेब जेवायला गेले होते. ते पाऊण तासाने आले, फॉर्म वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. तक्ताही पाहिला. म्हणाले, "आमच्या घरी दोघांची वाचा अगदी ठणठणीत आहे. तरी ह्याची एक प्रत मलाही द्या." आणि सही केली.

भिंतीएवढ्या प्रिंटरने उभ्या पानावर चार रकाने छापले. कारकुनांनी त्यावर मायेने "सत्यप्रत" असा गोल शिक्का मारला. म्हणजे आता अपुरा तक्ता अधिकृतपणे अपुरा झाला.

तो दहावा दिवस. मी दमून घरी आले, चहा केला आणि ट्रे पलंगावर ठेवला. ह्यांनी माझ्या हातातली सत्यप्रत पाहिली, मग ट्रेला हात घातला आणि तो सरळ आडवा फिरवला. दोन्ही कप कलंडले. चहा चादरीवर, सत्यप्रतीवर, सगळीकडे.

"अहो, काय चाललंय हे?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "सरळ ठेवलेलं एकदा तरी सरळ राहू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तक्ता पुढे धरला. हात पांघरुणाखालीच राहिले. "चहा?" मी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "पाणी? रेडिओ लावू?" काही नाही. थेरपीवाली मुलगी बूट घालताना काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द आठवलं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि जे काही धुतलेलंच होतं ते पुन्हा धुतलं. मग हात पुसून नातीला व्हिडिओ फोन लावला.

"तक्ता छान आला नव्हता," मी म्हटलं. "तक्ता आलाच नाही. अकरा दिवस झाले. पाचवा रकाना नाही, आणि आता हे बाकीचे चारही वापरेनासे झालेत."

ती काही बोलायच्या आत पांघरूण हललं. ह्यांनी डावा हात काढला, माझ्या हातातून फोन घेतला आणि आडवा धरला. नातीचं चित्र वळलं, पसरलं आणि पडदाभर झालं. त्यांनी फोन उभा केला. ती बारीक झाली. पुन्हा आडवा केला. तिच्यामागचं पुस्तकांचं कपाटसुद्धा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसायला लागलं.

तिने मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाली, "आजी, आजोबा आडवं म्हणतायत."

"काय आडवं?"

"पान गं. पान आडवं कर म्हणतायत. पाच रकाने उभ्या पानात कसे मावतील? पण तू इतकं ठासून सांगितलंस, मला वाटलं टायपिंगमधलं काही असेल. मी पानातच लिहून ठेवलंय, ए-फोर आणि उभं. तसं लिहिलं की मग छापणाऱ्याला विचारतच नाहीत, तो प्रश्नच यादीतून जातो." आणि मग हसायला लागली. "एका शब्दाचं काम आहे, आजी. दोन मिनिटं थांब."

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. मला अगदी भलतंच काहीतरी दिसत होतं. मी नोकरीला लागून महिना झाला होता. खिडकीजवळचा तो उंच आरेखक चौदा रकान्यांचा तक्ता घेऊन माझ्या टेबलाशी आला. मी म्हटलं, मावणार नाही. तो काही बोलला नाही. त्याने मशीनमधला कागद काढला, आडवा केला, पुन्हा घातला आणि गेला. टंकलेखिकेच्या मशीनला कोणी हात लावत नसतं. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी चौदाही रकाने मावल्याचं सांगायला जावं लागलं, आणि त्यानंतर जे झालं त्याला आता बावन्न वर्षं झाली. ट्रे, ताट, तसबीर, वर्तमानपत्र. माणूस अकरा दिवस ओरडून सांगत होता आणि मी ते वहीत टिपून घेत होते.

नातीने सांगितल्यावर मी बटण दाबलं. प्रिंटरमधून कागद नेहमीसारखा उभाच यायला लागला आणि माझं धाबं दणाणलं. मग लक्षात आलं, कागद उभा होता, अक्षरं आडवी झोपली होती. मी कागद हातात घेतला आणि ह्यांनी फिरवावा तसा फिरवला. पाचही रकाने एका ओळीत, कडेला बोटभर जागा सोडून, जणू कधी कुठे गेलेच नव्हते.

तो मी पलंगावर ठेवला. ह्यांनी आधी कडेची जागा चारही बाजूंनी सारखी आहे का ते पाहिलं. मग बोट निघालं. चहा ओलांडून, चष्मा ओलांडून, सरळ पाचव्या रकान्यात गेलं.

राग आलाय.

"कोणावर?" मी विचारलं.

बोट एक घर डावीकडे आलं. तू.

इतका आनंद मला बढतीचं पत्र मिळालं तेव्हाही झाला नव्हता. फोनमधून नात विचारत होती, "काय म्हणाले? आजी, काय म्हणाले?" मी म्हटलं, "रागावलेत गं, माझ्यावर. चांगलेच." आणि मग मला राहवेना. मी सगळं बोलत सुटले: बरोबर आहे तुमचं, मीच म्हटलं कागद उभाच असतो, मला तेव्हाच कळायला हवं होतं, चहा सांडला तेव्हा मी तशी बोलायला नको होते. त्यांचं बोट शांतपणे परत पाचव्या रकान्यात गेलं आणि तीन चौकटी खाली आलं.

पुरे.

मग शेवटच्या रिकाम्या चौकटीवर ठकठक केलं आणि अंगठा नि बोट जुळवून हवेत रेघ ओढली. मी शिवणाच्या डब्यातून पेन्सिल आणली. अक्षर सापडत नव्हतं त्या हाताला, तेही डाव्या. पण त्यांनी एक उभा आयत काढला, शेजारी एक आडवा आयत काढला, आणि आडव्याखाली बरोबरची खूण केली. रेघा पट्टीने ओढल्यासारख्या होत्या. मी कधी विसरले होते कोण जाणे, की ह्या माणसाला बोलायला अक्षरं फारशी कधी लागलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी थेरपीवाली मुलगी आली. तक्ता बघून खूश झाली. शेवटच्या चौकटीशी थांबली. "आजी, ह्याचा अर्थ काय?"

"मी सांगितलं होतं," मी म्हटलं.

"काय सांगितलं होतं?"

"नाही, हाच अर्थ. 'मी सांगितलं होतं.'"

ती म्हणाली, हे वाक्य तिच्याकडच्या कुठल्याच तक्त्यात नाही, आणि लग्न झालेल्या माणसांच्या तक्त्यात ते पहिलं हवं.

ह्याला आता दीड वर्ष झालं. ह्यांना साठ-सत्तर शब्द परत आलेत. चहा तोंडाने मागतात. बँकवाल्यांना "या" म्हणतात आणि थोड्या वेळाने "बरं" म्हणतात, ते त्यांना कळत नाही. तक्त्याची तशी गरज उरलेली नाही; कोपरे वळलेत, मधली अक्षरं पुसट झालीत. पण ते एक वाक्य हे अजून तोंडाने बोलत नाहीत. दूध उतू गेलं, किल्ली आत राहिली, छत्री न घेता मी भिजून आले, की काठी घेऊन उठतात, तक्त्यापाशी जातात आणि त्या दोन आयतांवर बोट ठेवून मी बघेपर्यंत उभे राहतात.

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. चाला म्हटलं तर चालत नाहीत. म्हणून तक्ता मी पलंगाजवळून काढून पार बाहेरच्या खोलीत, दारापलीकडच्या भिंतीवर लावलाय, आणि दिवसातून तीन-चार वेळा मी काहीतरी चुकते.